जुन्या गावठाणाचं उद्यान: कारंजं, डायनासोर की नुसतं रान?

तेरणाकाठ

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो. पण गेल्या आठवड्यातल्या ग्रामसभेनं झोप उडवली, म्हणून हा धागा.

आमचं गाव तेरणेच्या काठचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तीन छप्पन्नला झालेल्या भूकंपात पडलेल्या गावांपैकी एक. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून ज्या ५२ गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं, त्यात आम्ही आहोत. नवं गाव दीड किलोमीटरवर माळावर, चौकटीच्या वहीसारखं आखलेलं. जुनं गाव जिथं होतं तिथंच आहे. वीसेक एकरांवर दगडांचे ढीग, त्यावर वेडी बाभूळ, मधून शेळ्यांनी पाडलेल्या पायवाटा. वेशीचा एक खांब उभा आहे, दुसरा आडवा. मारुतीला दर शनिवारी तेल पडतं. बाकी सामसूम.

ग्रामसभेपुढे विषय होता, 'जुन्या गावठाणाच्या पडीक जागेवर सार्वजनिक उद्यान विकसित करणे.' सरपंचांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. हिरवळ, मधोमध रंगीत कारंजं, सिमेंटचा डायनासोर, आणि लाल बदामाशेजारी गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक आज्जी उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझी सासू, दोन लेकरं जिथं गेली तिथं कारंजं उडवताव व्हय?" सभा तिथंच तहकूब.

आता माझं मत. मला उद्यान हवंय. नव्या गावात रस्ते इतके रुंद आहेत की बसायला सावली सापडत नाही. म्हातारी माणसं संध्याकाळी कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या सावलीत बसतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे पाचला हायवेच्या कडेनं पळतात, उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जातात. गावाला एक मोकळी, झाडांची, सगळ्यांची जागा पाहिजे आणि ती फक्त तिथंच आहे.

पण चित्रातली ती बाग नको. आधी जेसीबी फिरवून सगळं सपाट करायचं आणि मग गवताचे गालिचे अंथरायचे, हे काही केल्या पटत नाही. मग कसं करावं? जागा नेमकी कुणाच्या नावावर असते? वेडी बाभळीचं काय करावं? दगडांचं काय? आणि हो, गेल्या महिन्यात एक वासरू पेवात पडलं, तोही प्रश्न आहे. मी तेव्हा चौथीत होतो, त्यामुळे गाव आठवतं पण गल्ल्या नीट आठवत नाहीत. जाणकारांनी लिहावं.

खवचट_काका

डायनासोर रद्द करू नका, साहेब. लांबून बघायला लोक येतील, जवळून बघून परत जातील.

२०१६ ला दोन कोटी, मग चार कोटी, मग तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी झाडं राज्यात लागली म्हणे. आमच्या गावाच्या वाट्याला आलेले खड्डे अजून शाबूत आहेत. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो. खड्डा मात्र अनुभवी झालाय.

फेरफार

महसुलात तीस वर्षं काढली, म्हणून थोडं लांबड लावतो.

पहिली गोष्ट, 'पडीक' हा शब्द ठरावातून काढा. गावठाण म्हणजे पडीक नव्हे. जुनी माणसं गावाचे दोन भाग करायची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरीचा कागद काळीसारखा नसतो, बऱ्याच गावठाणांना सातबाराच नसतो. तेव्हा तलाठ्याकडं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नुसता सातबारा मागून 'नाही' ऐकून परत येऊ नका. भूमी अभिलेखकडून गावठाणाचा जुना नकाशा काढा, ग्रामपंचायतीचे त्या काळचे घरांचे उतारे काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवं घर ताब्यात घेताना जुन्या जागेचा हक्क सोडल्याचं तुमच्या वडिलांकडून काही लिहून घेतलं होतं का, ते घरच्या पत्र्याच्या पेटीत बघा. एका घरात कागद निघाला की बाकीच्यांचाही अंदाज येतो. तो कागद काय म्हणतो त्यावर पुढचं सगळं उभं आहे.

दुसरी गोष्ट, त्या वीस एकरांत गायरानाचा तुकडा मिसळलाय का? बऱ्याच ठिकाणी गावठाणाला लागूनच गायरान असतं आणि जमिनीवर कुठं रेघ मारलेली नसते. गायरान असेल तर खेळ वेगळा. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आणि त्यामागून आलेला १२ जुलै २०११ चा आपला शासन निर्णय, दोन्ही वाचा. गावाच्या सामाईक जमिनी दुसऱ्या कामाला वळवण्यावर त्यानं बरीच बंधनं आली. आणि गायरानावर कोणी भूमिहीन कसत असेल तर २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं, ठराविक अटींवर, नियमित करण्याचा. मराठवाड्यात यावर किती मोर्चे निघाले आणि किती डोकी फुटली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उद्यानाच्या नावाखाली कुणाची चूल उठली तर उद्यान विसरा.

मोजणी आणा. मोजणीशिवाय एक खड्डासुद्धा नको.

ढोरवाट

पडीक कुणासाठी हो?

आमच्या चौदा शेळ्या बारा महिने त्याच गावठाणात. वेडी बाभळीच्या शेंगांवर उन्हाळा निघतो. माय तिथलंच सरपण आणते. गॅसची टाकी आहे, भरायला पैसे नाहीत. तुमचं उद्यान झालं की पहिलं काम काय होणार, तार. दुसरं काम, पाटी, 'गुरे चारण्यास सक्त मनाई'. मग आम्ही आमच्याच गावात चोर.

कोण काय बोलेल म्हणून ग्रामसभेत बोललो नाही. इथं बोलायलोय.

तेरणाकाठ

ढोरवाट, बरं झालं बोललात. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तार नको, हे माझ्याकडून लिहून घ्या. पण मग झाडं जगवायची कशी, हे कुणीतरी सांगा.

रानमेवा

सांगते. पण आधी वेडी बाभळीबद्दल.

ढोरवाटभाऊ, शेळ्या शेंगा खातात हे खरं, आणि लेंडीतून बी जिथं पडतं तिथं नवी वेडी बाभूळ उगवते हेही तितकंच खरं. आज वीस एकर आहे, उद्या तुमच्या बांधावर येईल. पण एका फटक्यात सगळी काढायची हा वेडेपणा. काढली की उघडी पडलेली जमीन गाजरगवत बळकावतं, आणि तुमच्या मायचं सरपणही एका दिवसात जातं. वीस एकरांचे पाच-सहा पट्टे करा, दरवर्षी एकच काढा. कुऱ्हाडीनं तोडू नका. बुडापासून दहा कोंब फुटतात आणि गेल्या वर्षी एक होती तिथं यंदा झुडपांचं कुटुंब होतं. मुळाच्या डोक्याखालून खणून काढावी लागते. काम मजुरीचं आहे, रोहयोत बसवता येईल. निघालेलं लाकूड लिलावात घालू नका, सरपणवाल्या घरांना वाटा.

आता लावायचं काय. फेरफारकाकांनी काळी-पांढरी म्हटलं, तोच धागा पकडते. तुमची जागा पांढरी आहे. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती. शेतकरी अशा जागेची माती गाड्या भरून शेतात टाकायचे, खत म्हणून. म्हणजे मातीला ताकद आहे, पण खाली दगडांचा खच. तिथं कडुनिंब, बोर, सीताफळ, हिवर, बेल, कवठ धरतील. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुणी न लावता येतं, बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. भिंतींच्या सांध्यातून पिंपळ आणि उंबर स्वतःच येतील, त्यांना हात लावू नका. वड, चिंच, करंज हे जिथं खोल माती आहे तिथंच, म्हणजे जुन्या चावडीसमोर, तळ्याच्या अंगाला. गुलमोहर, सप्तपर्णी, फायकसच्या गोल टोप्या कृपा करून नकोत.

आणि सगळीकडं झाडंच पाहिजेत हाही हट्ट नको. मराठवाडा मुळात गवताचा मुलूख. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. एक चार-पाच एकर नुसतं गवत राखा. टिटवी, चंडोल, तित्तर तिथं येतील. शेळ्या मोकाट सोडायच्या नाहीत, पण डिसेंबरात बी पडून गेल्यावर गवत कापून न्यायचा हक्क आधी शेळीवाल्या घरांचा. हे ठरावात लिहा, तोंडी ठेवू नका. तारेऐवजी त्या-त्या वर्षीच्या पट्ट्याभोवती तुमच्याच दगडांचा कमरेएवढा कोरडा बांध आणि त्यावर बाभळीच्या काट्या. तीन वर्षांनी झाडं शेळीच्या तोंडाच्या वर गेली की तो पट्टा मोकळा, बांध पुढं सरकतो.

हिरवळीबद्दल एकच वाक्य. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या जिल्ह्यात कुणी लॉन म्हटलं की मला हसू येत नाही.

हिरवी_वाट

जपानी मियावाकी पद्धत का नाही? दोन वर्षांत घनदाट जंगल होतं. शहरात आमच्या सोसायटीनं केलंय.

रानमेवा

सोसायटीत नळ आहे. एका चौरस मीटरात तीन-तीन रोपं, पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी आणि खुरपणी, आणि त्याआधी माती सुधारायचा खर्च. अर्धा गुंठा हौस म्हणून करा. वीस एकर त्या हिशेबानं करायला बसलात तर अडीच लाखांच्या आसपास रोपं लागतील. शिवाय त्या झाडोऱ्यात माणसानं चालायचं कुठून? यांना चालायला जागा पाहिजे.

धुकं_आणि_चहा

मी मूळचा उदगीरचा, सध्या इंग्लंडच्या वायव्येला. तुमचा धागा वाचून इथली एक जागा आठवली, तिथं मी दर रविवारी जातो.

इथं १९६८ साली कंट्रीसाइड ॲक्ट नावाचा कायदा झाला. त्यानं स्थानिक संस्थांना 'कंट्री पार्क' करायचा अधिकार मिळाला. शहरी बागेसारखं ताटवे-कारंजी नाहीत आणि अभयारण्यासारखी 'प्रवेश बंद'ची पाटीही नाही. गावाजवळचं साधं रान, वाटा, बसायला बाकडी, सायकली, कुत्री, पोरं. विरल नावाच्या भागातला पार्क अशा पहिल्या काही पार्कांपैकी, १९७३ मध्ये उघडला. ती जागा म्हणजे बंद पडलेली रेल्वे लाईन! रूळ उखडले आणि त्याच वाटेनं लोक चालायला लागले. मधलं हॅडलो रोड नावाचं छोटं स्टेशन गाडी चालू होती तेव्हासारखंच ठेवलंय. फलाट, दिवे, तिकिटाची खिडकी. गाडी तेवढी येत नाही.

मला त्यात आवडतं ते हे, की जमिनीवर आधी जे होतं ते त्यांनी पुसलं नाही. रेल्वेची वाट होती म्हणून पार्क लांबुळका झाला, म्हणून तो चालण्यासाठी चांगला झाला. तुमच्याकडं गल्ल्या आहेत. त्याच वाटा का करू नयेत?

खवचट_काका

तिकडं पाऊस फुकट आणि बारमाही. इकडं टँकरचं बिल. पण गल्ल्यांचा मुद्दा मान्य. दुर्मीळ घटना म्हणून नोंद घ्यावी.

(अवांतर: आपल्या बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज गेली तेव्हा जुन्या वाटेवर असं काही करावं हे कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तर तिथंही डायनासोर आला असता म्हणा.)

बळद

पेवांबद्दल. हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणीच त्यावर लिहिलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं फुगलेलं पोट. आतून कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. आमच्या वाड्यात अंगणात दोन होती आणि एक चक्क ओसरीखाली. बत्तीस वर्षांत झाकणाचे दगड सरकलेत, वर माती आणि गवत आलंय. वरून काही कळत नाही. तुमचं वासरू पडलं, उद्या सेल्फी काढणारं लेकरू पडेल.

शोधायचं कसं? म्हाताऱ्या माणसांना घेऊन चला, पहारीचं टोक टाका, पोकळ आवाज येतो. 'धब्ब' आला तर माती, 'डुब्ब' आला तर पेव. सापडलं की कुणीही आत उतरायचं नाही. बंद पेवात विषारी हवा साठते, पूर्वी माणसं मेलीत त्यानं. तोंड उघडून दोन-चार दिवस तसंच ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. भरायचं असेल तर वरूनच दगड-माती टाका. एखादं चांगलं असेल तर त्यावर जाड लोखंडी जाळी बसवा आणि राखा. आजच्या पोरांना पेव म्हणजे काय ते फक्त 'पेव फुटलं' या वाक्प्रचारातच माहीत आहे.

आणि आड. घरातले आड वेगळे मोजा. त्यातला एक-दोन गाळ काढून जिवंत झाले तर रोपांना पाणी तिथूनच.

जेसीबीला तर वेशीतच अडवा. आपली घरं कशी होती आठवतंय ना, दीड-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर लाकडावर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, आणि त्या पहाटे तेच अंगावर. सैन्यानं, लोकांनी ढिगारे उपसले, पण सगळं निघालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. यंत्राच्या दातात काय येईल?

वाटसरू

भुजला स्मृतिवन पाहिलंय. भुजिया डुंगरावर, ४७० एकर, २०२२ च्या ऑगस्टमध्ये उघडलं. २००१ च्या भूकंपात गेलेल्यांसाठी. मोठं संग्रहालय वगैरे आपल्या आवाक्यातलं नाही, ते सोडून द्या. पण डोंगरउतारावर पाणी अडवणारे छोटे बंधारे आहेत आणि तिथं गेलेल्यांची नावं लावलीत. पाण्याच्या काठाला नाव, ही कल्पना वीस एकरांतही बसते.

आपल्याकडं बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत जा एकदा. उघड्या डोंगरावर काय होऊ शकतं ते दिसेल. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलन झालं, अध्यक्ष होतं वडाचं झाड.

खवचट_काका

अध्यक्षांनी भाषण केलं नाही, हे त्या संमेलनाचं मोठं यश.

दगडफूल

मी कधी इथं लिहीत नाही. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मीही त्याच पट्ट्यातली. गाव सांगत नाही. तेव्हा अकरा वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, आम्ही पोरी उशिरापर्यंत लेझीम खेळलो आणि पाय दुखतात म्हणून मी आजीच्या अंथरुणात झोपले, दाराशी. म्हणून वाचले. आई, काका, धाकटा भाऊ आतल्या खोलीत.

बारा वर्षं मी तिकडं पाऊल टाकलं नाही. मग भाच्याला दाखवायला गेले. आमचं घर सापडेना. सगळे ढीग सारखेच. शेवटी जात्यावरून ओळखलं. खालची तळी मातीत अर्धी रुतलेली, खुंट्याचं भोक पावसाच्या पाण्यानं भरलेलं, त्यात एक मुंगळा पोहत होता. त्याच्या डाव्या हाताला उंबरा. आई सकाळी दळायची तेव्हा मी त्याच उंबऱ्यावर बसून पेंगायचे.

वरची पाळ मी घरी आणली, लातूरला. फ्लॅटच्या गॅलरीत आहे, तुळशीखाली.

त्या आज्जींचं बोलणं मला समजतं. पण इथं सगळे ज्या दबक्या आवाजात लिहितायत तसं उद्यान झालं तर मी तिथं जाणार नाही. वर्षातून एकदा ३० सप्टेंबरला फुलं वाहायला जागा आहेच. पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात, साहेब लोक येतात, दहा मिनिटांत जातात. तेवढं पुरे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तिथं पोरं खेळू देत. आम्ही त्या गावात सूरपारंब्या खेळायचो, चिंचा पाडायचो, शिव्या खायचो. ते गाव मेलेल्यांचं नव्हतं हो. मरण एका पहाटेचं, जगणं कितीतरी पिढ्यांचं.

कारंजं नको. झोका चालेल. चिंचेला.

रानमेवा

_/\_

तेरणाकाठ

दगडफूलताई, काय लिहू. तुमचं लिहिणं घेऊन मी त्या आज्जींकडं गेलो. वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "चिंचेला झोका होताच की आमच्या टायमाला. नागपंचमीला." बस्स. म्हणजे विरोध मावळला असं मी समजतो.

दरम्यान पेटीत कागद शोधले. वडिलांच्या पेटीत सापडलं नाही, चुलत्यांकडं एक पिवळा पडलेला कागद आहे, अक्षर लागत नाही. फेरफारकाका, फोटो व्यनि (खासगी निरोप) करतो. एका कार्यालयात नकाशासाठी गेलो तर साहेब म्हणाले, "जुनं गाव? ते तर राहिलं नाही ना, मग नकाशा कशाला?" तीन चकरा झाल्या. चौथ्यात मिळाला. घडीवर फाटलाय, पण गल्ल्या स्पष्ट आहेत.

रविवारी सातजणांनी फक्की टाकून नकाशातल्या वाटा जमिनीवर काढल्या. फक्कीची पिशवी अर्धी वाऱ्यानंच नेली. आडव्या गल्ल्या तीन, उभ्या दोन, आणि गावकुसाच्या आतून गोल फिरणारी एक वाट. त्या गोल वाटेवर पळायचा ट्रॅक करावा असं भरतीच्या पोरांचं म्हणणं. मुरूम दाबून, सिमेंट नाही. दोरीनं मोजली, १२९० मीटर भरली. पोरांना भरतीत १६०० पळावे लागतात, पोरींना ८००. तीनशे दहा कमी. म्हणे एक फेरी म्हणजे नेमकी एक परीक्षा झाली पाहिजे. आता कुठं वाकवावी याचा विचार चाललाय.

गल्ल्यांच्या तोंडाला दगडावर जुनी नावंही कोरायची आहेत. वाणी गल्ली, कासार गल्ली, पाटील वाडा वगैरे.

उगवतीकर

'वगैरे' मध्ये आम्ही आलो का?

रागानं विचारत नाही. खरंच विचारतो. तुमच्या नकाशात गावकुसाच्या आतल्या गल्ल्या आहेत. आमची वस्ती उगवतीला, गावकुसाच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला. तिथंही माणसं मेली. आमच्या घरच्या भिंती बारीक होत्या आणि वर माळवदाऐवजी पत्रा होता, म्हणून काही वाचली, असं आजा म्हणायचा. गरिबीचा एवढा एकच फायदा पाहिला म्हणायचा.

नव्या गावातसुद्धा घरं जमिनीच्या मापानं मिळाली. भूमिहीनाला आणि अडीच एकरांच्या आतल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. म्हणजे गाव नवं, रांग जुनीच. आता उद्यानातही तेच होणार असेल तर आधीच सांगा.

बळद

प्रश्न रास्त आहे. पण पाटीवर काय लिहिणार? जुनं नाव तर लिहिता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये शासनानंच वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतलाय.

उगवतीकर

जुनं नाव आम्हालाही नकोय. पण नाव काढायचं म्हणून वस्तीच नकाशातून काढायची, हे कुठलं? तिथं एक पिंपळ आहे, त्याखाली आमची चावडी होती. १४ एप्रिलला निळा झेंडा तिथंच लागायचा. 'पिंपळाची चावडी' लिहा. आमच्यातले चारजण जिवंत आहेत जे प्रत्येक घर बोटानं दाखवतील.

फेरफार

तेरणाकाठ, कागदाचा फोटो पाहिला. तो हक्कसोड नाही, नव्या घराच्या ताब्याची पावती आहे. म्हणजे प्रश्न अजून उघडा. घाबरू नका, पण ठरावात 'ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा' असं ठोकून देऊ नका. 'जुन्या गावठाणाची जागा, मोजणी व अभिलेख तपासणीच्या अधीन राहून' असं लिहा. आणि उगवतीच्या वस्तीखालची जमीन गावठाणात येते की गायरानात, ते मोजणीत वेगळं दाखवायला सांगा. तिथं कुणी आज कसत असेल तर त्याचं नाव आधी घ्या, नंतर ट्रॅक आखा.

उगवतीकर

कसत कुणी नाही. शेळ्या चरतात. ढोरवाटच्याच असतील.

ढोरवाट

आमच्याच. 😀

गवत कापायचा हक्क लेखी देणार असाल तर मी पहारीनं पेव शोधायला येतो. शेळ्यांच्या मागं फिरून मला चार जागा माहीत आहेत जिथं शेळी पाय टाकत नाही. शेळीला कळतं.

बळद

शेळीचा मुद्दा लाख मोलाचा. माझी पहार रद्द.

तेरणाकाठ

शेवटचं अपडेट, मग धागा थंड झाला तरी चालेल.

ग्रामसभा झाली. ठराव असा: जागेला 'पडीक' म्हणायचं नाही. जेसीबी वेशीच्या आत आणायचा नाही. पहिल्या वर्षी फक्त पेवं शोधणं, दोन आड उपसणं आणि वेडी बाभळीचा एक पट्टा. सरपण आणि गवत कुणाचं, ते घरनिहाय यादीसह. डायनासोरवर मतदान घ्यावं लागलं, पोरांची बाजू थोडक्यात हरली. (खवचट काका, सरपंचांनी तो नव्या गावातल्या शाळेपुढं बसवायचं ठरवलंय. तुमची इच्छा पुरी होणार.) मोजणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. पैशांचं म्हणाल तर रोहयोतून खणकाम आणि तीन वर्षांचं रोपसंगोपन बसतंय का, ते बघायलोय.

पेवं सहा सापडली. चार शेळ्यांनी सांगितलेली, दोन आज्जींनी.

आणि ट्रॅक. काल उगवतीकर त्यांच्या वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन आले. वेशीतून बाहेर काढून, ओढ्याच्या कडेनं, पिंपळाच्या चावडीला वळसा घालून पुन्हा गावकुसाला आणा, म्हणाले. दोरी नव्यानं टाकली. १६४० भरली. चाळीस जास्त आहेत, दोरी आवळून मोजू का, असं मी भरतीच्या पोरांना विचारलं. ती म्हणाली राहू द्या, चाळीस मीटर जास्त पळून कुणी नापास होत नाही. पोरींच्या ८०० ची खूण आम्ही चिंचेच्या अलीकडं दगड रोवून केली. फक्की संपली होती.